सीलबंद साली

खरं तर त्या संध्याकाळी असूदेरावांनी फार काही केलं नाही. ऑफिससमोरच्या रसवाल्यानं संत्री-मोसंबी पिळून उरलेल्या सालींची टोपली कचऱ्याच्या पिंपात उलटी करायला घेतली आणि असूदेराव म्हणाले, "अरे थांब, थांब! असू दे."

बस्, एवढंच. पुढं जे काही झालं, म्हणजे साखरेचा डबा रिकामा होणं, छतावर बुचं आपटणं आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी बादली हातात घेऊन वर येणं, त्या सगळ्याची सुरुवात ही अशी झाली.

असूदेराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या स्लिपवर असतं आणि ती स्लिप बायकोच्या पर्समध्ये असते. इमारतीत कुणी मोडकी खुर्ची, गंजलेली चाळणी, काटे नसलेलं घड्याळ असलं काही टाकायला निघालं, की हे जिन्यात आडवे यायचे. "असू दे, लागेल कधीतरी!" आणि ती वस्तू काखोटीला मारून घरी. म्हणून लोकांनी त्यांना असूदेराव केलं. त्यांनाही त्याचं वाईट वाटत नसे. (त्यांनी तेही ठेवून घेतलं.)

ह्या सगळ्या मालाचं कोठार म्हणजे घरातली मागची खोली. अकरा वर्षांची वर्तमानपत्रं, तुटक्या छत्र्यांच्या काड्या, न बोलणारे दोन रेडिओ, डाव्या पायाचे तीन बूट (उजवे कधीतरी मिळतील ह्या आशेवर), आणि रिकाम्या बाटल्या तर विचारूच नका. दार वीतभरच उघडायचं. असूदेराव पोट आत घेऊन तिरके शिरायचे. मागच्या वर्षी त्यांचं वजन जरा वाढलं, तेव्हा दोन महिने त्यांना स्वतःच्याच खोलीत जाता आलं नव्हतं.

पण जीव होता हो त्यांचा त्या खोलीवर. ऑफिसात त्यांची खुर्ची त्यांना न विचारता तीनदा हलवली गेली होती. घरात पडद्यांचा रंग, टीव्हीचा आवाज, पंख्याचा वेग, सगळं बायको ठरवायची. जगात एवढी एकच जागा अशी होती, जिथं काय राहील आणि काय जाईल हे असूदेराव ठरवत. तिथून जायचं काहीच नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते, आपणही तसंच म्हणू. वहिनी शिवणकाम करायच्या. हात इतका साफ, की गिऱ्हाईक गावभर फिरून शेवटी त्यांच्याकडेच यायचं. पण मशीन जेवणाच्या टेबलावर. जेवायची वेळ झाली की नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन बसायचे. एक दिवस असूदेराव घास चावता चावता ओरडले.

"अगं! टाचणी! घासात टाचणी!"

"मिळाली का?" वहिनींनी हात पुढं केला. "दुपारपासून शोधतेय."

"मी गिळली असती म्हणजे?"

"मग मला जागा द्या. मागची खोली द्या. टाचणी टाचणीच्या जागी राहील आणि घास घासाच्या."

"तिथं माझं सामान आहे."

"त्या सामानातली एक वस्तू सांगा, जी अकरा वर्षांत कधी उपयोगाला आली. एकच सांगा."

असूदेरावांच्या ताटातली आमटी निवली.

"ती सुतळी..."

"ती मी विकत आणली होती."

आता माणसानं अशा वेळी गप्प बसावं की नाही? पण असूदेरावांच्या अंगात आलं. ते ताठ उठले. मांडीवर ताट होतं हे विसरूनच उठले, त्यामुळे पुढचं वाक्य त्यांना पायजम्यावरचा भात झटकत म्हणावं लागलं. "टाकाऊ मालातून उपयोगी वस्तू करून दाखवली तर?"

"तर खोली कायमची तुमची. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि नाही जमलं तर भंगारवाला बोलवायचा."

असूदेरावांनी लगेच करार लिहिला, तीन प्रतींत. मुदत चार महिने. वस्तू घराला खरोखर उपयोगी असली पाहिजे. उपयोगी आहे की नाही, हे बायको ठरवील. शेवटचं कलम त्यांना गाळायचं होतं, पण वहिनी समोर पेन घेऊन उभ्याच होत्या.

तर दुसऱ्याच दिवशी ती सालींची टोपली दिसली.

पहिल्या आठवड्यात असूदेरावांनी साली वाळवल्या. जागा नव्हती, म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून एकेक साल टांगली. शेजारी एका गिऱ्हाइकाचा पांढरा फ्रॉक होता. संध्याकाळी तो पांढरा उरला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अर्ध्या मोसंबीच्या सालीत तेल घालून दिवा केला. दिवा छान पेटला. मग टेबलक्लॉथही छान पेटला.

"ही उपयोगी वस्तू नाही," वहिनी पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाल्या. "हा अपघात आहे."

"सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं."

"सगळ्यांच्या बायका काय करतात मग?"

शेवटी रसवाल्यालाच त्यांची दया आली. तो म्हणाला, "साहेब, माझी आई सालींचं पाणी करायची, फरशी पुसायला. एक वाटी साखर, तीन वाट्या साली, दहा वाट्या पाणी. बाटलीत भरायचं आणि तीन महिने ठेवायचं. डाग म्हणून राहत नाही. फक्त रोज एकदा झाकण सैल करून हवा सोडायची बरं का, विसरू नका."

असूदेरावांनी सगळं टिपून घेतलं. हवेचं वाक्यसुद्धा घेतलं. ते ऐकलं नाही, वाचलं नाही असं कुणी म्हणू नये. ऐकलं, लिहिलं आणि मग त्यांना ते पटलं नाही.

ह्याचं कारण समजायला त्यांची नोकरी माहीत पाहिजे. असूदेराव रेकॉर्ड रूमचे हेडक्लार्क. जुने कागद पुडक्यात बांधायचे, वर सुतळीची चौकडी, गाठीवर वितळलेली लाख, लाखेवर पितळी शिक्का, आणि चिठ्ठीवर तारीख: ह्या तारखेपूर्वी उघडू नये. एकतीस वर्षांत त्यांनी सील केलेलं एकही पुडकं मुदतीआधी उघडलं गेलं नव्हतं. (मुदतीनंतरही नव्हतं. कुणाला त्यात काय आहे हे बघायचंच नव्हतं. पण ते असो.)

मागच्या खोलीतून त्यांनी एक्केचाळीस बाटल्या बाहेर काढल्या. तेव्हाचा त्यांचा चेहरा काय वर्णावा! "बघितलंस? रिकाम्या बाटल्या कशाला, रिकाम्या बाटल्या कशाला म्हणून अकरा वर्षं माझं डोकं खाल्लंस! कशाला ते कळलं ना आता?"

वहिनींनी साखरेचा डबा हलवून तो कानाशी धरला आणि परत फळीवर ठेवला.

दोन दिवस साली कापणं चाललं. असूदेरावांची बोटं पिवळी झाली, ऑफिसातल्या फायलींना मोसंबीचा वास येऊ लागला. मग बाटल्या भरल्या, साखरेचा डबा रिकामा झाला. प्रत्येकीला बूच ठोकलं, बुचावर सुतळीची फुली मारली, गाठीवर लाख आणि लाखेवर शिक्का. चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, सही. एक्केचाळीस बाटल्या खोलीत भिंतीलगतच्या मांडणीवर चढल्या आणि असूदेराव कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

वहिनींनी टिपणाचा कागद उचलला. "अहो, इथं लिहिलंय, रोज हवा सोडायची."

"रोज उघडायचं तर बंद कशाला करायचं?"

"रसवाला म्हणतोय ना?"

"रसवाला झाकणवाला आहे का? मी एकतीस वर्षं सील करतोय. एक पुडकं उघडलेलं नाही."

"पुडक्यात कागद असतात. कागद फुगतात का?"

"म्हणजे माझ्या सीलवर तुझा विश्वास नाही?"

"सीलवर आहे हो," वहिनी म्हणाल्या आणि मशीनकडे गेल्या.

चौथ्या दिवशी बाटल्यांत बुडबुडे दिसायला लागले. असूदेराव म्हणाले, प्रगती आहे. आठव्या दिवशी प्लास्टिकच्या बाटल्यांना पोट सुटलं, बूड गोल झालं आणि त्या मांडणीवर डुलायला लागल्या. असूदेराव म्हणाले, चांगलीच प्रगती आहे. बाराव्या दिवसापासून खोलीतून आवाज यायला लागले. कुर्रर्र. टक्. सुस्स. वहिनी मशीन थांबवून कान द्यायच्या.

"अहो, निदान एक तरी उघडून बघा."

"मुदत झाली नाही."

"बाटल्यांना कुठं माहितीय मुदत?"

"चिठ्ठी लावलीय प्रत्येकीवर!"

असूदेराव रात्री अंथरुणावर पडले की त्यांनाही ते आवाज यायचे. मनातून टरकले होते, हे काही खोटं नाही. एकदा तर हळूच उठून दारापर्यंत गेले. पण बुचाला हात लावायचा म्हणजे वहिनींचं खरं झालं, आणि वहिनींचं खरं झालं म्हणजे पुढं खोली गेलीच म्हणायची. परत येऊन त्यांनी कानावर उशी घेतली.

चोविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, वहिनींनी भंगारवाल्याला वर बोलावलं.

"हा कशाला?" असूदेरावांचा चहाचा कप हवेतच राहिला. "बाटल्या उघडायला अजून सहासष्ट दिवस आहेत!"

"नुसतं बघून जाऊ दे. किती फेऱ्या लागतील, अंदाज येईल."

"अंदाज? अंदाज घ्यायचाय?" असूदेरावांचा आवाज चढला. "ये रे बाबा, ये. तूही बघ. आत ये!"

भंगारवाला बिचारा शांत माणूस. खांद्यावर रिकामं पोतं, हातात तागडी. तो तिरका होऊन आत शिरला, त्याच्यामागं पोट आत घेऊन असूदेराव. वहिनी दारातच थांबल्या. भंगारवाल्यानं चारी बाजूला बघितलं, रद्दीच्या थप्प्यांवर हात फिरवला आणि म्हणाला, "माल चांगला आहे, वहिनी. सुका आहे."

झालं! तो 'माल' शब्द असूदेरावांच्या वर्मी लागला.

"माल नाही हा!" ते गरजले. "ही माझी खोली आहे! इथली एक काडी, एक चिंधी, एक बूच बाहेर जाणार नाही! समजलं? एक बूचसुद्धा..." आणि प्रत्येक शब्दाला जोर यावा म्हणून त्यांनी मांडणीच्या फळीवर मूठ आपटली.

क्रमांक सात प्रथम गेली.

फाट्! बूच थेट छताला, आणि मागोमाग सालींचं कारंजं. असूदेराव दचकून मागं सरले ते मांडणीवरच आदळले. मग आठ, नऊ, चौदा, पंधरा. क्रमवार जाण्याची शिस्त बाटल्यांनी पाळली नाही. प्लास्टिकच्या फुगलेल्या बाटल्या तर फळीवरून सुटून खोलीभर भिरभिरल्या. एक रेडिओवर आदळली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा रेडिओतून आवाज आला. भंगारवाला पोतं डोक्यावर घेऊन खाली बसला. "अहो, बाहेर या!" वहिनी ओरडत होत्या. "बाहेर या आधी!"

"नाही येणार!" आतून आवाज आला. "खोली सोडणार नाही!"

एक्केचाळीस बाटल्या संपायला दोनतीन मिनिटं लागली असतील. मग सगळं शांत झालं. छतावरून थेंब गळत होते. असूदेराव खोलीच्या मध्यभागी उभे होते, चष्म्याच्या एका काचेवर मोसंबीची साल, खांद्यावर संत्र्याची, मिशीतून चिकट पाणी ठिबकतंय. खाली वाकून त्यांनी एक बूच उचललं. सुतळी तुटली होती, पण तिच्या फुलीवर लाखेचा शिक्का जसाच्या तसा होता.

"बघ," ते म्हणाले. मान ताठ. "बूच उडालं. सील फुटलेलं नाही."

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. हसू की काळजी, ते त्यांचं त्यांनाच कळेना. "लागलं का कुठं?"

"नाही."

"मग बाहेर या, टॉवेल देते."

खोलीतलं मात्र काहीच वाचलं नाही. रद्दीचा लगदा झाला, खोकी बसली, बूट तरंगले. वहिनी भंगारवाल्याला म्हणाल्या, "आता ने बाबा, जे नेता येईल ते."

तो अंगावरच्या साली झटकत म्हणाला, "आता नाही जमणार, वहिनी. मी सुकाच माल घेतो."

असूदेरावांच्या जिवाला एवढं कधी लागलं नसेल. म्हणजे त्यांचं सामान आता भंगारातसुद्धा बसत नव्हतं! कचऱ्याच्या गाडीला बोलवावं लागलं. गाडीवाल्याच्या आठ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला असूदेराव जिन्यात उभे राहून म्हणत, "असू दे, तो बूट असू दे," आणि प्रत्येक फेरीला वहिनी गाडीवाल्याला नुसती मान हलवून खूण करत.

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. दोघांनी मिळून पाणी लोटलं, फडकं मारलं. आणि मग वहिनी एकदम थांबल्या. फडकं हातातच राहिलं.

"अहो, ही फरशी बघा."

पांढरी फरशी आणि तिच्यावर बारीक निळी फुलं. लख्ख! अकरा वर्षांचा मळ, गंज, चिकटा काही उरला नव्हता. वहिनी खाली बसल्या आणि एका फुलावरून बोट फिरवलं.

"मी निवडली होती ही. आठवतंय तुम्हाला? घर घेतलं तेव्हा. सगळीकडे साधी टाका म्हणाले होते मी, पण ह्या खोलीत फुलांची. इथं मशीन ठेवायचं होतं." त्यांनी शेजारच्या फुलावर बोट ठेवलं. "मी विसरूनच गेले होते."

असूदेराव विसरले नव्हते. आत्ता, त्या क्षणी, त्यांना ती दुकानातली दुपार अख्खी आठवली. पहिलं खोकं ह्या फुलांवर त्यांनीच आणून ठेवलं होतं. दोन दिवसांपुरतं म्हणून. अशा वेळी शहाण्या माणसानं चुकलो म्हणावं. असूदेराव खाकरले आणि म्हणाले, "मग? झाली की नाही उपयोगी वस्तू?"

वहिनींनी डोळे पुसले. शब्दाच्या पक्क्या बाई!

"झाली," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत मला जे जमलं नाही, ते तुमच्या पाण्यानं एका सकाळीत केलं. उपयोगी नाही कशी म्हणू?"

"मग खोली कुणाची?"

"तुमची. करारच आहे."

असूदेराव जिंकले! त्यांनी खोलीत एक स्टूल नेलं, मधोमध ठेवलं आणि त्यावर बसले. दार पूर्ण उघडत होतं. पोट आत घ्यावं लागत नव्हतं. भिंती चार, फरशी एक, स्टूल एक. बाहेरून मशीनचा खडखडाट येत होता. पहिला दिवस ते ऐटीत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशीवरची फुलं मोजली. तिसऱ्या दिवशी जेवताना घासात बटण आलं, ते त्यांनी निमूटपणे काढून वहिनींच्या हातावर ठेवलं. चौथ्या दिवशी वहिनी बाजारातून परत आल्या, तर मशीन मागच्या खोलीत खिडकीशी होतं. असूदेराव घामाघूम झाले होते आणि मशीनवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. 'सदर यंत्र ह्या खोलीत तात्पुरते ठेवले आहे. खोलीचा ताबा पूर्ववत.' खाली सही.

"ताबा माझाच आहे," ते म्हणाले. "गैरसमज नको."

"मुळीच नाही," वहिनी म्हणाल्या आणि मशीनला तेल घातलं.

राहिल्या मास्तरीणबाई. त्या रविवारी संध्याकाळीच बादली घेऊन वर आल्या होत्या. छतातून पाणी गळून त्यांच्या गॅलरीत साचलं होतं. असूदेरावांनी भांडायची तयारीही केली होती. पण बाई म्हणाल्या, "गॅलरीतला गंजाचा डाग गेला हो, नऊ वर्षांचा! आणखी आहे का ते पाणी?" बादली त्यासाठी होती.

तेव्हापासून रसवाल्याच्या साली रोज घरी येतात आणि इमारतीतली निम्मी घरं त्या पाण्यानं फरशी पुसतात. चिठ्ठ्या असूदेरावच लिहितात. क्रमांक, तारीख, ऐसपैस सही. लोक बाटली घेतात, हात लांब करून अंगापासून दूर धरतात आणि असूदेरावांच्या खांद्यावरून आत ओरडतात, "वहिनी, झाकण कुणी लावलंय?"

"मी!" आतून मशीनचा आवाज थांबतो आणि उत्तर येतं. मगच बाटली काखेत जाते.

"सही बघा ना, सही!" असूदेराव म्हणतात. पण लोक जिना उतरायला लागलेले असतात.

परवा सकाळी भंगारवाला खालून जात होता. वहिनी खिडकीशी शिवत बसल्या होत्या. असूदेराव मधोमध स्टुलावर, हाताची घडी घालून, ताबा सांभाळत.

"वहिनी!" त्यानं खालून हाक मारली. "आज काही द्यायचंय का?"

वहिनींनी वळून खोलीत नजर फिरवली. ती स्टुलापाशी येऊन जरा थांबली. मग त्यांनी सुईत दोरा ओवला आणि खिडकीतून म्हणाल्या, "असू दे. लागतील कधीतरी."